भिंतीवरचे माप

१

पहाटे जीप सुरू होण्याआधी घरात ठरावीक आवाज होत. आधी कोटाच्या बाहीत अस्तर सरकल्याचा, मग औषधांच्या पिशवीतल्या बाटल्या एकमेकींना लागल्याचा आणि शेवटी मागच्या शेडचे शटर वर गेल्याचा. हे आवाज याच क्रमाने झाले की मास्तर निर्धास्तपणे कूस बदलत. बायको कामावर निघाली, सारे यथास्थित आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

मास्तर म्हणजे बाजाराच्या टोकाशी दुकान असलेले टेलरमास्तर. त्यांची पत्नी डोंगरावर, दगडाच्या खाणीजवळच्या वस्तीत असलेल्या दवाखान्यात परिचारिका होती. लहानथोर सगळेच तिला सिस्टर म्हणत. जीप दवाखान्याची, पण ती चालवायला सिस्टरखेरीज कुणी नव्हते, म्हणून ती दुकानामागच्या शेडमध्ये मुक्कामाला असे.

मास्तरांना चेहरे लक्षात राहत नसत; खांदे राहत. समोरून आलेल्या गिऱ्हाइकाला ते सरळ ओलांडून जात आणि तोच माणूस पुढे गेला की पाठमोऱ्या आकृतीला अचूक हाक मारत. बायकोचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा बोटभर खाली होता, कारण पिशवी वर्षानुवर्षे त्याच खांद्यावर. तिचा लोकरी कोट त्यांनी त्या उतरत्या खांद्याला धरून असा बेतला होता की तो अंगात घातला की ती अगदी सरळ दिसे. कोट घालताना ती उजवा हात आधी घाली.

धंदा शिकवताना वडिलांनी त्यांना फार काही सांगितले नव्हते. जास्तीचे कापड कापून टाकू नये, शिवणीत राखून ठेवावे. माणसाचे अंग बदलते. आणि ज्याने कापड आणून दिले नाही, त्याचे माप घेऊ नये. माप घेतले की ते गिऱ्हाईक येतेच. पहिल्या नियमामागचे कारण मास्तरांना कळत होते. दुसरा ते केवळ वडिलांचा म्हणून पाळत.

एके दिवशी सिस्टर दुपारी घरी आली, मोरीत हात धुऊ लागली आणि हात धुता धुताच म्हणाली, "आज पुढचं चाक रस्त्याबाहेर गेलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे लटकत होतं. धुक्यात वळण दिसलंच नाही. खडी खाली गेली, तिचा आवाज यायला इतका वेळ लागला, की मला वाटलं, येतच नाही आता."

मास्तरांच्या बोटात सुई शिरली, ती त्यांना रक्त कापडाला लागल्यावर कळली.

"उद्यापासून जायचं नाही," ते म्हणाले.

"बरं. मग वरच्या बायकांची बाळंतपणं तुम्ही करा. माप घ्यायला येतं तुम्हाला, निम्मं काम झालंच."

जाऊ नको म्हणण्यात अर्थ नव्हता. उरता उरले दिवे. जीपचे दिवे धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परत येत. खडतर रस्त्यांसाठी वेगळे, खाली बसवायचे, रुंद झोताचे दिवे मिळतात, हे मास्तरांनी ऐकले होते. दुकानात चौकशी केली, तर त्या जीपपुढे ते दिवे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शेवटी त्यांनी मेहुण्याला बोलावले.

२

मेहुणा वायरमन होता. त्याच्या हाताला आराम आणि तोंडाला उसंत ठाऊक नव्हती. सुटीच्या दुपारी तो पोत्यात काहीतरी खणखणवत आला आणि ते त्याने थेट कापड बेतण्याच्या टेबलावर ओतले.

"खाली! खाली ठेव ते!" मास्तर ओरडले.

"दाजी, दिवे बघा तरी आधी. भंगारवाल्याकडे आख्खा ढीग उपसला तेव्हा ही जोडी निघाली. काचा शाबूत, आतला आरसा चकचकीत."

"कुठल्या गाडीचे?"

"भंगारातल्या वस्तूला माहेर विचारू नये."

दिवे जड होते आणि थंड होते. मास्तरांनी ते पुसले आणि शेडमध्ये काम सुरू झाले. पट्ट्या विकत आणायच्या नाहीत असे ठरले होते, म्हणून जुन्या शिलाई मशीनच्या स्टँडचे लोखंड कापून मेहुण्याने बंपरला जोडले. वायरींवर मास्तरांनी मेणकापडाची नळी शिवून चढवली, तिची शिवण एवढी सरळ होती, की ती पाहून मेहुणा म्हणाला, "दाजी, तिला खिसा पण लावा."

मग त्याने एक छोटी काळी डबी दाखवली. "हा रिले. एवढा भार थेट स्विचवर टाकला तर वायर जळेल. स्विच ह्याला नुसता इशारा करतो, ओझं हा उचलतो."

"म्हणजे माझ्यासारखा."

"छे, माझ्यासारखा. इशारा ताईचा, ओझं माझं."

स्विच दाबला, की रिले 'टक' असा आवाज करी आणि मग दिवे लागत. तो आवाज मास्तरांना आवडला. काजात गुंडी बसावी, तसा तो नेमका होता.

शेवटचे काम झोत जुळवण्याचे. शेडच्या मागच्या भिंतीला मास्तरांनी सकाळीच चुना लावला होता. जमिनीपासून दिव्यांची उंची मोजून त्यांनी तेवढ्याच उंचीवर निळ्या खडूने दोन फुल्या केल्या. झोताचा मध्य फुल्यांच्या किंचित खाली पडायला हवा होता. शटर खाली ओढून अंधार केला. टक. भिंत उजळली.

मेहुणा पाना घेऊन पुढे वाकला, तशा त्याच्या दोन सावल्या भिंतीवर पडल्या. दोन दिवे, दोन सावल्या. "आता तुम्ही फुल्या बघा, मी आत बसून सांगतो," असे म्हणून तो गाडीत चढला आणि मास्तर भिंतीकडे गेले.

भिंतीवर काहीतरी जास्त होते. नेमके काय, हे त्यांना चटकन कळले नाही. एका पायाची दुमड लांब राहिली, की विजार अशी सांगता न येण्याजोगी चुकीची दिसते. मग त्यांनी मोजले. त्यांच्या तीन सावल्या पडल्या होत्या.

"अरे, गाडीचे नेहमीचे दिवे बंद कर."

"बंदच आहेत."

मास्तरांनी वर पाहिले. छपराला फट नव्हती. जीपचा बाजूचा आरसा त्यांनी हाताने झाकला. परत येऊन एका दिव्यावर त्यांनी आपली टोपी धरायला सांगितली. मेहुण्याने धरली. सावल्या दोन झाल्या. एक दिवा, दोन सावल्या.

"आतल्या आरशाला पोचा असेल," मेहुणा म्हणाला. "प्रकाश दोनदा फुटतो. स्वस्तात घेतलंय दाजी, एक सावली फुकट मिळाली तर तक्रार कसली करता?"

हे पटण्यासारखे होते. मास्तरांना ते पटलेही. पोचा असता, तर मेहुण्याचीही तिसरी सावली पडायला हवी होती, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती तो चहाला गेल्यानंतर.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर अजून वस्तीवरून परतायची होती. पण शेडमध्ये पाहतात तो जीप उभी. मग आठवले, आज ती शेजारणीच्या दुचाकीवर गेली होती. दिव्यांचा एक बोल्ट मेहुणा संध्याकाळी आणून बसवणार होता. एवढी साधी गोष्ट आपण विसरलो कसे, याचे त्यांना नवल वाटले.

त्यांनी शटर ओढले आणि स्विच दाबला. टक.

ते भिंतीपाशी गेले. उजवीकडे एक सावली, डावीकडे एक आणि मधे तिसरी. ते डावीकडे सरकले. त्यांच्या दोन सावल्या सरकल्या. मधली सरकली नाही.

मास्तर जुन्या वळणाचे, पण भाबडे नव्हते. त्यांनी डोके चालवले. दिव्याजवळच्या वस्तूची सावली मोठी पडते, भिंतीजवळच्या वस्तूची लहान. ही सावली अगदी माणसाएवढी होती. माणसाएवढी सावली पडायची, तर माणूस भिंतीला टेकूनच उभा हवा. भिंतीला तर कुणी टेकले नव्हते. तेव्हा हा डाग असावा. कालचा चुना ओला राहिला असावा. त्यांनी हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती आणि त्या जागी इतर जागेपेक्षा थोडी ऊबदार होती.

डाग असेल, तर तो उद्याही असाच राहील. खात्री करण्यासाठी त्यांनी निळ्या खडूने त्याची कड आखून घेतली. मानेपासून खांदा, खांद्यापासून बाही, बाहीपासून कंबर. खडू हातात आला आणि समोर आकृती आली, की त्यांचे हात डोक्याला विचारत नसत. गळ्यातली टेप कधी खाली आली आणि खांद्यावर कधी लागली, हे त्यांना कळलेच नाही. पाठ झाली. बाही झाली. छातीशी आल्यावर त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेले:

"हात जरा वर."

सावलीने हात जरा वर केले.

सगळी गिऱ्हाइके करतात तसे. कोपर बाजूला, पंजे सैल, टेप खालून जाईल एवढेच. मास्तरांनी छातीचे माप घेतले. घेतले, कारण हात थांबले नाहीत. मग कमरेचे घेतले. त्यानंतर ते गाडीपाशी आले, स्विच बंद केला आणि अंधारात उभे राहिले. अंधारात त्यांना फक्त रिलेचा आवाज आठवत राहिला. तो झाला होता की नाही, हे मात्र सांगता येईना.

दुकानात येऊन ते पाणी प्याले. मापे बोटांत जशीच्या तशी होती आणि बोटांना ती आजची वाटत नव्हती. ती पाठ, ती बाही, ती कंबर त्यांनी कितीतरी वेळा बेतली होती. मापे बायकोची होती. फरक एवढाच, की डावा खांदा अर्धा बोटभर खाली होता.

मग आपले चुकले असेल, असे ते स्वतःला समजावू लागले. समोरचा माणूस तोंड करून उभा आहे की पाठ करून, त्यावर उजवे-डावे ठरते. आणि सावलीकडे कितीही पाहिले, तरी ती आपल्याकडे पाहते आहे की पाठमोरी आहे, ते कळायला मार्ग नसतो.

४

संध्याकाळी मेहुणा बोल्ट घेऊन आला आणि बंपरखाली आडवा झाला. सिस्टर पिशवी खाली ठेवून दिवे पाहायला शेडमध्ये आली.

"जरा पुढे उभी राहा," मास्तर म्हणाले. "झोत बघायचाय."

"माझ्यावर? आणि हे भिंतीवर काय काढलंय?"

"माप आहे. उभी राहा गं."

टक. तिने डोळ्यांवर हात धरला. "काय बघताय असं? लग्नात बघितलं नाहीत का?"

तिच्यामागे एकच सावली होती.

मास्तरांनी तिला पुढे यायला सांगितले. भिंतीजवळ दोन सावल्या एकमेकींत मिसळतही असतील. ती पुढे आली. सावली मोठी झाली, पण एकच राहिली. दोन दिवे, एक सावली. आणि स्वतः मास्तर तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या तीन.

बेरीज बरोबर येत होती, हेच त्यांना सर्वांत वाईट वाटले.

"हे दिवे काढ," ते मेहुण्याला म्हणाले.

बंपरखालून फक्त आवाज आला. "काय?"

"काढून टाक म्हणतो. आपण नवे घेऊ."

"दाजी, दोन दिवस माझी पाठ धरलीय ह्या दिव्यांपायी. आणि नवे काय, घर विकून घेणार?"

"पण का काढायचे?" सिस्टरने विचारले.

मास्तरांनी तोंड उघडले. तुझी एक सावली कमी आहे, हे वाक्य मनात व्यवस्थित होते. ओठांपर्यंत येताना त्याचे हसे झाले. ते म्हणाले, "काहीतरी चुकलंय त्यांचं."

"प्रकाश पडतो ना? मग बास." तिने पिशवी उजव्या खांद्याला लावली. "वर एका पहिलटकरणीचे दिवस भरलेत. पोर आडवं आहे. उद्या पहाटे मला पोचायलाच हवं, आणि आजच्याहून जास्त धुकं असणार. ते वळण मला दिसलं पाहिजे. बाकी तुमच्या शंका तुम्ही शिवत बसा."

गावातून जाताना हे दिवे झाकावे लागतात, म्हणून मास्तरांनी त्यांच्यासाठी काळ्या जाड कापडाच्या, इलॅस्टिकच्या टोप्या शिवल्या होत्या. सगळे जेवायला आत गेले, तेव्हा त्यांनी त्या टोप्या दिव्यांवर चढवल्या आणि मागच्या बाजूने दुहेरी दोऱ्याने टाके घालून शिवून टाकल्या. बारीक आणि घट्ट. हातांनी त्या निघाल्या नसत्या.

झोप अर्थातच नीट लागली नाही. पहाटे अस्तर सरकल्याचा आवाज झाला, बाटल्यांचा झाला, आणि शटरचा होण्याआधी मास्तर शेडमध्ये पोचले. त्यांनीच शटर वर केले. बाहेर अंगण नव्हते. कुंपण नव्हते, रस्ता नव्हता. दारापासून पुढे सगळे पांढरे होते. त्या पांढऱ्यात त्यांना खडी पडल्याचा, न येणारा आवाज ऐकू आला.

सावली ही शंका होती. धुके हे धुके होते.

त्यांनी खिशातले पाते काढले आणि एकेक टाका उसवला. सिस्टर मागे येऊन उभी राहिली होती. "हे कुणी शिवलं?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "येते हं."

टक, असा आवाज झाला. दोन पिवळे झोत धुक्यात घुसले आणि जीप त्यांच्या मागोमाग निघून गेली.

५

मास्तरांनी बादली आणि फडके घेतले आणि भिंतीवरचा खडू पुसायला घेतला. कड पुसली गेली; निळसर ओघळ जमिनीवर आले. मग त्यांनी दोन फुल्याही पुसल्या. शटर ओढून, दुकानात येऊन, दिवा लावून ते मशीनवर बसले. सदऱ्याची कॉलर होती. ती त्यांनी उलटी जोडली, उसवली, पुन्हा जोडली.

मागे शेडमध्ये आवाज झाला. टक.

रिले जीपमध्ये होता आणि जीप डोंगरावर. उंदीर असेल. फडक्याची बादली कलंडली असेल. बादली कलंडली, तर पाण्याचा आवाज यायला हवा होता. मास्तर उठले, मधले दार त्यांनी थोडेसे उघडले.

शेडमध्ये प्रकाश नव्हता; शटरखालून येणारा पहाटेचा करडेपणा काय तो होता. त्या करडेपणात भिंत दिसत होती आणि भिंतीवर ती होती. पुसलेल्या कडेत अगदी काठोकाठ बसलेली. हात जरा वर, कोपर बाजूला, पंजे सैल. माप संपले असे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

"झालं," मास्तर म्हणाले. का म्हणाले, हे त्यांना पुढे कधीच सांगता आले नाही. गिऱ्हाइकाला तसे म्हणतात.

तिने हात खाली घेतले. मग ती भिंतीवरून आडवी, न थांबता, शटरच्या दिशेने सरकत गेली आणि जिथे भिंत संपत होती, तिथेही थांबली नाही.

दाराची कडी मास्तरांच्या हातात होती. ती ऊबदार होती, की त्यांचाच हात गार होता, ते त्यांना ठरवता आले नाही.

६

जीप दुपारी परतली. मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे होते. मेहुणा त्यांच्याशेजारी बसून आपल्या कारागिरीचे कौतुक कुणी करते का, याची वाट पाहत होता. सिस्टर खाली उतरली, ती हसत होती.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"आणि दिवे?" मेहुण्याने विचारले.

"फार छान. वळण असं दिसलं, की खडा न् खडा मोजावा. मग मी जरा थांबले."

"का?" मास्तर म्हणाले.

तिने आठवून पाहिले. "माहीत नाही. थांबले एवढं खरं. कुणीतरी पुढे आलं असं वाटलं असेल. कुणी नव्हतं."

"किती वेळ थांबलीस?"

"अहो, धुक्यात वेळ कळतो का?"

ती आत आली. पिशवी खाली ठेवताना तिने ती डाव्या खांद्यावरून उतरवली. मास्तर पाहत राहिले.

"पिशवी डाव्या खांद्यावर घेतलीस?"

"मग कुठल्या घेणार?"

मास्तरांनी मेहुण्याकडे वळून विचारले, "ताई पिशवी कुठल्या खांद्यावर घेते रे?"

"डाव्या," मेहुणा म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "डाव्याच ना? दाजी, असं एकदम विचारलं की माणसाला स्वतःचं नावही आठवत नाही. पण डाव्याच."

तिने काढलेला कोट मास्तरांनी उचलला आणि पुन्हा घालून दाखव म्हणाले. तिने डावा हात आधी घातला. उजव्या खांद्याशी कापड ताणले गेले, डावीकडे खोल सुरकुती पडली. दुसऱ्याचा कोट घातल्यासारखी ती दिसत होती.

"बघा," ती आरशात पाहून म्हणाली. "मी कधीपासून सांगतेय, हा कोट तुमचा चुकलाय."

मास्तरांना ते तिने कधी सांगितल्याचे आठवेना. पण कोट एवढा चुकीचा बसत होता, म्हणजे सांगितलेही असेल. आपल्या हातून चूक झाली असेल, हे त्यांना कुठल्याही दुसऱ्या गोष्टीपेक्षा मानायला सोपे वाटत होते. आणि चूक नसेल, तर आपण ते टाके उसवायला नको होते का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुरता विचारलाच नाही. मेहुण्याने तेवढ्यात गंमत म्हणून जीप आत घेऊन दिवे लावले आणि हाक मारली. तिघेही भिंतीसमोर उभे राहिले. मेहुण्याच्या दोन सावल्या, मास्तरांच्या दोन, तिच्या दोन. सारे यथास्थित.

"मग? काढायचे का दिवे?" मेहुणा म्हणाला.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी ती दुकानात आली. "घ्या माप. एकदाचा नीट करून टाका." तिचा चेहरा तोच होता, पण चेहरे मास्तरांना कधीच लक्षात राहिले नव्हते. त्यांनी टेप लावली. खांदा, पाठ, बाही. आकडे बोटांना पाठ होते. छातीशी आल्यावर ते बोलायला गेले आणि त्यांच्या ध्यानात आले, की तिने हात आधीच जरा वर केले आहेत. कोपर बाजूला, पंजे सैल.

"झालं?" तिने विचारले.

मास्तरांनी टेप काढून गळ्यात अडकवली.

"झालं," ते म्हणाले.

ती आत गेल्यावर त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि दोन्ही खांद्यांची शिवण उसवली. कोट जो घालतो, त्याला बसला पाहिजे. तेवढे तरी टेलरला ठाऊक असावे. डावा खांदा त्यांनी उतरता केला, उजवा सरळ. डावीकडे कापड जास्त उरले. त्यांनी कात्री उचलली आणि परत ठेवली. ते कापड नीट दुमडून त्यांनी आत, शिवणीत, हलक्या टाक्यांनी राखून ठेवले.

पहिले माप कधी परत आलेच, तर कमी पडायला नको.